त्या तीन फाइली

उद्या अकरा वाजता टाचणी चौकशी अधिकाऱ्यासमोर बसेल आणि माझ्याबद्दल एक अक्षर बोलणार नाही. ही खात्रीच मला झोपू देत नाही. दोनदा दिवा बंद केला, दोनदा उठले. शेवटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन लिहायला बसले.

टाचणी म्हणजे माझी मुलगी. नाव तिच्या वडिलांनी पाडलं. सात वर्षांची असताना नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला तिने विचारलं, "काका, मागच्या वेळी पण हाच वॉशर बदलला म्हणालात. मग तो गेला कुठे?" तो बिचारा खरंच पिशवी उपसून शोधायला लागला. हे म्हणाले, "ही पोरगी नाही, टाचणी आहे. बघून बसा."

आज ती चौतीस वर्षांची आहे, बारा वर्षं एकाच वर्तमानपत्रात. तिच्या कामाची एक रीत आहे. ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याला ती छापण्याआधी फोन करते आणि ओळ न ओळ वाचून दाखवते. वहीच्या समासात फोनची वेळ लिहिते, उत्तर लिहिते, शिवी दिली तर शिवीही लिहिते. लग्नासाठी भेटायला आलेल्या एका मुलालाही तिने त्याच्याबद्दल मिळालेली माहिती अशीच वाचून दाखवली होती. तो चहा अर्धा टाकून गेला.

हे गेल्यापासून मला त्यांचं निवृत्तिवेतन मिळतं. त्यासाठी दरवर्षी पेन्शन खात्याच्या वेबसाइटवर हयातीचा दाखला भरावा लागतो. मी जिवंत आहे हे शेजाऱ्यांना माझ्या आवाजावरून कळतं, सरकारला कागद लागतो. दाखला भरल्यावर गेल्या वर्षीचा पुन्हा बघायचा होता. ती साइट मुंगीच्या पावलांनी चालते, म्हणून सोपी वाट टाचणीनेच शिकवली होती: वर पत्त्याच्या ओळीत शेवटी अर्जाचा क्रमांक असतो, तो बदलायचा. मी बदलला. एक आकडा चुकला आणि दुसऱ्याच बाईची फाइल समोर उघडली. तिचा फोटो, बँकेचा खाते क्रमांक, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, त्यात मृत्यूचं कारणसुद्धा.

मी टाचणीला फोन केला. ती संध्याकाळी आली, माझ्याच लॉगिनमधून तिने एक फाइल उघडून पाहिली. तीही ऑफिसमधल्या मित्राच्या आईची, त्या बाईंना आधी विचारून. मग खात्याला लेखी कळवलं आणि रोज फोन करत राहिली. संपादक घाई करत होते. "दुसरा कोणी आधी छापेल."

"छापू दे," ती म्हणाली. "दार उघडं असताना आपण पत्ता सांगायचा का?"

नवव्या दिवशी खात्याने ती त्रुटी दुरुस्त केली. दहाव्या दिवशी बातमी आली. अकराव्या दिवशी खात्याचे संचालक म्हणाले की एका पत्रकाराने वृद्ध आईच्या खात्याचा गैरवापर करून नागरिकांची माहिती चोरली. तेव्हापासून टाचणीकडे हवामानाचं पान आहे. संपादक म्हणतात, पाठीशी आहोत. पाठीशीच आहेत, पुढे कोणी येत नाही.

माझी बहीण फोनवर म्हणाली, "होऊ दे की चौकशी. कर नाही त्याला डर कशाला?"

मी विषय बदलला. कारण या घरात कर होता.

टाचणीला आलेल्या चौकशीच्या नोटिशीत चार फाइलींचा उल्लेख आहे. एक टाचणीने उघडली. एक माझ्या चुकीने उघडली. उरलेल्या दोन मीच उघडल्या, आकडा मुद्दाम बदलून. पहिली फाइल बघितल्यावर वाटलं, खरंच असं होतं का, पुन्हा बघू. तिसऱ्या वेळी तेही कारण उरलं नव्हतं. तिथे माझ्याहून सात वर्षांनी लहान बाई होती, नवरा घरातच गेलेला, आणि मी ते सगळं वाचत बसले. शेजारणीच्या खिडकीतून डोकावल्यासारखं. टाचणीला सांगताना मी फक्त पहिली सांगितली.

तिने नोटीस वाचली तेव्हा मी समोर भाजी निवडत होते. चार या आकड्यावर तिचं बोट थांबलं. माझ्याकडे बघून तिने कागदाची घडी घातली. आयुष्यभर लोकांना टोचणारी माझी मुलगी, मला तिने काहीच विचारलं नाही.

"सांगून टाक ना, आईला दिसलं म्हणून," मी म्हटलं.

"माहिती कोणी दिली ते मी सांगत नसते."

"मी आई आहे तुझी, खात्यातला कारकून नाही."

"कारकून बरा. तो निदान जेवलीस का विचारत नाही." मग हसू आवरून म्हणाली, "आई, आज तुझं नाव दिलं तर उद्या मला कोण फोन करेल?"

मागच्या आठवड्यात त्या अधिकाऱ्याने मलाही फोन केला होता. "आजी, तुम्हाला कॉम्प्युटर येतो का हो?" इतक्या मायेने विचारलं. मी रसायनशास्त्राची पदवीधर, वीस वर्षं प्रयोगशाळेत नोंदी ठेवल्या, आणि मी म्हणाले, "थोडंफार." त्या 'थोडंफार'वर त्याने आपली केस उभी केली असणार. म्हातारीला काय जमतंय, पोरीनेच केलं.

ज्या बायकांच्या फाइली उघडल्या, त्यांना कोणी बघितलं हे कळायला हवं, असं मला वाटतं. मला कोणी विचारलं तर मी मान खाली घालून सांगेन. पण दार सताड उघडं कोणी ठेवलं हे त्या नोटिशीत कुठेच विचारलेलं नाही. वर्षानुवर्षं ते उघडं असेल. जिने कडी लावायला लावली, तिलाच उभं करून झडती चालली आहे. आणि ती झडती माझ्या दोन फाइलींच्या जोरावर चालली आहे. उद्या ती गप्प राहिली तर चारही तिच्या नावावर लागतील. मग हवामानाचं पानही राहणार नाही.

तिला सांगायला फोन केला तर ती मला गप्प करेल. तिला ते जमतं, आणि मी ऐकते. म्हणून फोन तिच्या वकीलबाईंना करायचा. कुठल्या दिवशी, कुठल्या क्रमाने, किती वाजता, तिन्ही फाइली मी कशा उघडल्या ते सांगायचं, आणि उद्या मलाही त्या टेबलासमोर बसवा म्हणायचं. टाचणीने कोणाचं नाव दिलं नाही, मीच माझं दिलं.

बारा वाजून गेलेत. वकीलबाई झोपल्या असतील. चष्मा लावून त्यांचा नंबर काढला आहे. उचलेपर्यंत वाजवत राहणार आहे.