‘काही नाही, घरीच असते’

आईच्या डोळ्याचं ऑपरेशन बेळगावात मंगळवारी झालं. बुधवारी पट्टी काढली. गुरुवारी निपाणीच्या घरी तिनं जेवणाचं ताट बाजूला सारलं.

ताटात भात होता, तुरीची आमटी होती. डाळ माझ्या बायकोनं निवडली होती. आई म्हणाली, “आत काय हाय ते मला दिसंना.” मग उठून तिनं हात धुतले.

आमचं घर जैनांचं. दिवस मावळायच्या आत जेवायचं, पाणी गाळून प्यायचं, हे आमच्याकडं सगळेच करतात, निदान करतो म्हणून सांगतात तरी. आईचं त्यापुढचं होतं. स्वतःच्या डोळ्यांनी बघून निवडलेलं नसेल ते ती तोंडात घालत नसे. रोज सकाळी दारातल्या उजेडात सूप घेऊन बसायची. डाळीत किडा सापडला तर बोटावर घेऊन परसात सोडून यायची. आम्ही भाऊ यावर हसायचो. शिकलेल्या माणसाला आईवर हसण्याचा हक्क आपोआप मिळतो, असं आम्हाला वाटत असावं.

मोतीबिंदू वाढत गेला तेव्हा तिनं डोळ्यांची तक्रार केली नाही. जेवण कमी केलं. आधी पालेभाजी सोडली, मग मूग, मग डाळच सोडली. वयामुळं भूक मंदावली, असं आम्ही ठरवून टाकलं. एकदा ती पायरी चुकून पडली, तेव्हा कुठं आम्हाला तिचे डोळे आठवले.

थोरला भाऊ बेळगावात नोकरीला. त्याला मी अण्णा म्हणतो. त्यानं लगेच कारभार हाती घेतला आणि करायचं तर लेझरनंच असं सांगितलं. लेझरनं डोळ्यात काय करतात हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या साहेबांच्या वडिलांचं लेझरनं झालं होतं एवढं माहीत होतं. आमच्या पाहुण्यारावळ्यांत ऑपरेशनची प्रतवारी अशीच ठरते. डोळा कुणाचा हे कुणी विचारत नाही, यंत्र कुठलं हे विचारतात.

दवाखान्यात डॉक्टरांच्या आधी एका काचेच्या खोलीत बसवलं. तिथली बाई माहिती द्यायला नेमलेली होती आणि ती माहिती अशी देत होती जणू आम्ही साड्या बघायला शहापूरच्या पेठेत आलो आहोत. आईकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. फॉर्म भरताना तिनं अण्णाला विचारलं, “आजी काय काम करतात?”

अण्णा म्हणाला, “काही नाही, घरीच असते.”

मी शेजारी बसलो होतो. मी काही बोललो नाही. मी बहुतेक वेळा बोलत नाही आणि लोक त्याला माझा सज्जनपणा समजतात. फॉर्मवर लांबच्या नजरेचं भिंग लिहिलं गेलं. खाली सही मी केली.

ऑपरेशन चांगलं झालं, याबद्दल वाद नाही. आईला दुखलं नाही. घरी आल्यावर अण्णानं सगळ्यांना फोन केले, लेझर केलंय, आता चष्मा नाही. मग बघायला माणसं येऊ लागली. चिकोडीचे मामा समोरच्या भिंतीजवळ उभे राहून बोटं दाखवायचे आणि “आक्का, किती?” म्हणून विचारायचे. आई सांगायची. रस्त्यावरून जाणाऱ्या बसची कन्नड पाटी तिनं खुर्चीत बसून वाचली तेव्हा तर सगळ्यांचं समाधान झालं. चहा पिऊन मंडळी गेली. तिच्या ताटात काय आहे हे त्यांच्यापैकी एकानंही पाहिलं नाही. ताटात काही नव्हतं. ती गाळलेलं दूध आणि सोललेली केळी यांवर दिवस काढत होती.

आठवड्यानं तपासणीला नेलं. भिंतीवरची अक्षरं तिनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. सगळं उत्तम म्हणून परत पाठवलं.

तिच्या बांगड्या सैल झाल्या तेव्हा मी अण्णाला फोन करून जवळच्या चष्म्याचं विचारलं. तो म्हणाला, “लेझर केलंय रं. आता चष्मा लावला तर लोक काय म्हणतील?” आणि मी ऐकलं. तयार चष्म्याचं दुकान आमच्या घरापासून पाच मिनिटांवर होतं. तरी मी ऐकलं.

त्या आठवड्यात मी फॉर्मला जोडलेलं दवाखान्याचं माहितीपत्रक वाचलं. आयुष्यभर पुस्तकं वाचली, पण ज्यावर सही केली ती चार पानं वाचली नव्हती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं. लेझर डोळ्याला सुरुवातीची चीर देतं, मोतीबिंदूवरचं पातळ आवरण गोल कापतं, आतला गढूळ भाग फोडून ठेवतं. तो काढणं आणि नवं भिंग बसवणं डॉक्टरच हातानं करतात. चष्मा लागणार की नाही हे लेझरवर नव्हे, भिंगावर आणि डोळ्यावर अवलंबून असतं. साधं भिंग एकाच अंतराला स्पष्ट दाखवतं. ते अंतर आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला रुग्ण दिवसभर काय बघतो हे सांगावं लागतं. आम्ही ते सांगितलं होतं. काही नाही म्हणून सांगितलं होतं.

पाचव्या आठवड्यात पुन्हा बेळगावला गेलो. दुसऱ्या डोळ्याचंही तसंच करून टाका, असं अण्णानं डॉक्टरांना सांगितलं. तेवढ्यात आईनं कमरेची पिशवी काढली, गाठ सोडली आणि मूठभर तूरडाळ डॉक्टरांच्या टेबलावर ओतली. दोनचार दाणे कागदांखाली घरंगळले.

“आई, हे काय दवाखान्यात?” अण्णा पुटपुटला.

“तू गप बस. मागच्या बारीला तूच बोललास.” मग ती डॉक्टरांकडं वळली. “डाक्टर, मला बसची पाटी वाचायची न्हाय. मला ह्यातला किडा दिसाय पाहिजे.”

डॉक्टरांनी कागदांखालचे दाणे गोळा केले. मग त्यांनी तिला घरी बसते तसं वाकून बसायला सांगितलं आणि पट्टी घेऊन डोळ्यापासून डाळीपर्यंतचं अंतर मोजलं. तपासणीची लोखंडी चौकट नाकावर चढवून ऑपरेशन झालेल्या डोळ्यापुढं एक काच घातली. आई वाकली. तिनं तीन दाणे वेगळे काढले. “ह्ये किडकं. ह्ये बी.” पाच आठवड्यांत पहिल्यांदा तिचा आवाज आमची आई बोलते तसा आला.

डॉक्टरांनी फॉर्म काढून वाचला. ही काही करत नाही असं कुणी सांगितलं, म्हणून विचारलं. अण्णा मोबाईल बघू लागला. मी जमिनीकडं बघितलं. दोघांत फरक एवढाच होता.

जवळच्या चष्म्यानंही भागेल, असं डॉक्टर म्हणाले. नाहीतर या दुसऱ्या डोळ्यात जवळचं भिंग घालता येईल, पण एक डोळा लांबचा आणि एक जवळचा असला की काहींना चक्कर येते, पायरीचा अंदाज चुकतो. हे त्यांनी आईला सांगितलं, आम्हाला नाही. ती चालेल म्हणाली. अण्णानं तरीही लेझरचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, हातानं केलं तरी नजर तेवढीच येईल. त्याचा चेहरा उतरला. आईला बरं दिसेल याच्यापेक्षा लोकांना काय सांगायचं हा त्याच्यापुढचा प्रश्न मोठा होता.

दुसऱ्या डोळ्याचं हातानंच केलं. थोड्या दिवसांनी ती दारात सूप घेऊन बसली आणि त्या दुपारी आमटीभात जेवली, दोनदा वाढून घेतला. बघायला कुणी आलं नाही. हे ऑपरेशन कुणाला कळवलंच नव्हतं.

पुढं दीड वर्ष ती रोज जेवली. मग हृदयविकारानं गेली. बसायला आलेल्या माणसांना अण्णा सांगत होता की आम्ही आईसाठी काही कमी केलं नाही, डोळ्याचं लेझरनं केलं. माणसं माना हलवत होती. मी त्याच सतरंजीवर बसून होतो.

आता आमच्या घरात डाळ पाकिटातून येते आणि सरळ कुकरमध्ये जाते. ती कुणी बघत नाही. मीही बघत नाही.