खिडकी नसलेला पडदा

मुलाच्या जळगावच्या फ्लॅटमध्ये आज वॉलपेपर लागला. ओल्या खळीचा वास आला आणि मी शिरपूरच्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचलो.

लग्नानंतरची पहिली दिवाळी होती. मी स्टुलावर चढून मोठमोठ्या गुलाबांचा कागद चिकटवत होतो आणि सुमन खालून "वर, अजून वर" करत होती. तरी दुसरी पट्टी बोटभर खाली गेलीच. सगळे गुलाब मधोमध तुटले. सुमन रागावली नाही. तिनं जुन्या मोरपंखी साडीचा पडदा शिवला आणि त्या जोडावर टांगला. खाली लाल पट्ट्यांची सतरंजी. कशाचा कशाशी मेळ नव्हता.

शेजारच्या अक्कांनी पडदा सारून पाहिला. "माय वं, आठे खिडकी कोठे शे?"

"खिडकी नही शे, अक्का. फूल तुटी गयं, म्हनीसन पडदा लावा," सुमन म्हणाली, आणि आम्ही तिघंही हसत सुटलो.

सुमन गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली.

"काका, जोड दिसतोय का बघा," कारागीर म्हणाला. मी भिंतीवरून हात फिरवला. जोड कुठेच लागला नाही.

तो मोरपंखी पडदा मी येताना पेटीत घालून आणलाय. या घरात तो लावायचा कुठे?