सोड आणि सोडा

सुएल्तेमे. म्हणजे, मला सोडा. हा स्पॅनिश शब्द मी कराडला शिकले आणि शिकताना मला इतका राग आला की समोरचा चहा तसाच राहिला.

मी तासगावजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये काम करते. बागेतून द्राक्षं आली की घड बघायचे, खराब मणी काढून घ्यायचे, पेट्या भरणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायचं. मालकांनी ठरवलं की आपला हंगाम सुरू व्हायच्या आधी मला चिली देशात पाठवायचं, तिकडचं पॅकिंग बघून यायला. चिली म्हटल्यावर आमच्या गल्लीत सगळ्यांना मिरचीच आठवली. त्यावर पोटभर हसून झालं आणि मग जो तो मला भीती घालू लागला. एकटी बाई, परका मुलूख, तिकडं भर रस्त्यात लुटतात म्हणे. जसं काही इकडं मी रोज पायघड्यांवरूनच चालते!

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. मीही घेत नाही. हाक मारायची तर ‘अहो’ आणि दुसऱ्यापाशी बोलायचं तर ‘हे’. तर आमचे हे सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांनी भीती घातली नाही, थेट तयारीलाच लावलं. म्हणाले, “सगळी भाषा नको येऊ दे. दुखलं-खुपलं सांगता आलं पायजे आन कुणी हात धरला तर वराडता आलं पायजे. बास.” त्यांनीच कुठून तरी कराडच्या मॅडमचा पत्ता काढला. या मॅडम बरीच वर्षं तिकडं राहून आलेल्या, माझ्यापेक्षा वयानं लहान, कॉलेजच्या मुलांना स्पॅनिश शिकवतात. दर रविवारी मी एसटीनं कराडला जाऊ लागले.

वाक्यं पटापट आली. मे दुएले आकी, इथं दुखतंय. यामे आ ला पोलिसिया, पोलिसांना बोलवा. नो लो कोनोस्को, मी याला ओळखत नाही. पाठांतरात मी कधीच मागं नव्हते. अडलं ते ओरडण्यात. मॅडम म्हणायच्या, “मास फुएर्ते, ताई! मोठ्यानं!” आणि माझ्या तोंडून आवाज यायचा तो शेजारी बाळ झोपल्यासारखा. पुन्हा मोठ्यानं. पुन्हा तेच. घसा धडधाकट, फुप्फुसं धडधाकट, पॅकहाऊसमध्ये पन्नास बायकांच्या गलक्यात मी सूचना देते, पण ‘मला सोडा’ म्हणायची वेळ आली की आवाज गळ्यातच बसकण मारायचा.

घरी यांनी सराव घ्यायचं मनावर घेतलं. माझं मनगट धरायचे आणि जवानाला सांगावं तसं सांगायचे, “और जोर से!” मी जरा आवाज चढवला की स्वयंपाकघरातून सासूबाई यायच्या. “आगं, शेजारची काय म्हनतील? बाईमानसाचा आवाज उंबऱ्याभायेर जाऊ ने.” सासूबाई वाईट नाहीत. त्यांनाही कुणीतरी हेच सांगितलं असणार. पण त्या दिवशी मला त्यांचा, त्यांना सांगणाऱ्यांचा आणि हे सगळं मुकाट ऐकत आलेल्या आम्हा सगळ्यांचा संताप आला. लहानपणापासून आमचा आवाज दाबायचा आणि ऐन वेळी ओरडली का नाहीस म्हणून पुन्हा आम्हालाच विचारायचं. यांना म्हटलं, राहू दे सराव, आणि कणीक मळायला घेतली. ती कणीक बरीच सोसून गेली.

पुढच्या रविवारी मॅडमनी तो चहाच्या वेळेचा धडा दिला. स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे. सुएल्तामे म्हणजे सोड. सुएल्तेमे म्हणजे सोडा. एवढासाच फरक. मी विचारलं, हात धरणाऱ्याला कशाला मान द्यायचा? सरळ सोड म्हणायचं. मॅडम म्हणाल्या, “नाही ताई, तिथं मुद्दाम ‘तुम्ही’ म्हणायचं. म्हणजे आजूबाजूच्यांना कळतं की हा माणूस तुमचा कोणी नाही. अनोळखी आहे. मग लोक धावून येतात.”

माझ्या हातातला कप खाली गेला.

कारण आमच्याकडे बरोबर उलटं आहे. आणि ते मी अंगावर झेललेलं आहे. सांगलीच्या स्टँडवर, भर दुपारी, दारू प्यालेल्या एका माणसानं माझा दंड धरला होता. मी त्याला जन्मात पाहिलेलं नव्हतं. माझ्या तोंडून काय निघावं? “अहो, सोडा.” परक्या माणसाला अरे-तुरे करायचं नाही, ही शिकवण इतकी मुरलेली की दंडाला बोटं रुतत असतानाही मी त्याचा मान राखला. आणि बाकावर बसलेल्या लोकांनी काय ऐकलं? बाई ‘अहो’ म्हणतेय, म्हणजे तिचा नवरा. एक म्हातारे गृहस्थ तर मलाच म्हणाले, “आवं बाई, घरी जाऊन भांडा की. चार मानसात शोभतं व्हय?” मी हिसडा देऊन सुटले आणि गाडीत जाऊन बसले. दंडावरचे वळ गेले. त्या म्हाताऱ्याचं ‘शोभतं व्हय’ गेलं नाही.

मॅडमना मी हे सांगितलं. म्हटलं, बघा, एका कान्याचा फरक. सोड आणि सोडा. तिकडं मान दिला की लोक धावून येतात, इकडं मान दिला की तोंड फिरवतात. आणि आमच्या बायकांना यातलं कुणी काही शिकवत नाही. मला हे कळायला सातासमुद्रापलीकडची भाषा शिकावी लागली. मॅडम म्हणाल्या, “चला, मग आता म्हणा.” आणि त्या दिवशी माझा आवाज खालच्या मजल्यावर गेला. खालचे लोक वर बघायला आले.

तसाच गरम घसा घेऊन मी कराडच्या स्टँडवर आले. सांगलीची गाडी लागायची होती. तिथं फलाटाच्या टोकाला एक माणूस एका मुलीला कोपराला धरून ओढत होता, बाहेर लावलेल्या मोटारसायकलकडं. मुलगी विशीतली, हातात कापडी पिशवी, गळ्यात मंगळसूत्र. पाय रोवून उभी राहायची, पुन्हा ओढली जायची. आणि म्हणत होती, “अहो, सोडा. अहो, दुखतंय.”

सगळं स्टँड बघत होतं आणि कुणीच बघत नव्हतं. माझ्या शेजारी बाकावर एकजण पेपर वाचत होता. मी उठले तसा तो म्हणाला, “नवरा-बायकोचं हाय. आपुन कशाला मधी पडायचं?” त्याच्या आवाजात जराही त्रास नव्हता. पाऊस पडतोय म्हणावं तसं म्हणाला. त्या माणसापेक्षा मला याचाच जास्त राग आला.

“सोड तिला!”

हा माझाच आवाज होता. काना न लावलेला. सगळं स्टँड वळलं. मी चालत पुढं गेले. तो माणूस म्हणाला, “तुमाला काय करायचंय? बायको हाय माझी.”

त्याला उत्तर द्यावं असं मला वाटलंच नाही. मी मुलीसमोर उभी राहिले. सकाळभर घोकलेलं ‘नो लो कोनोस्को’ जिभेवर होतं, तेच आपल्या भाषेत बाहेर पडलं. “वळखतीस का गं ह्याला?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग लोकांकडं पाहिलं. मला काय विचारायचंय ते तिला पुरतं कळलं होतं.

“न्हाई,” ती म्हणाली. “मी ह्यांना वळखत न्हाई.”

‘ह्यांना’. मी ऐकलं. स्टँडवरच्या एकाही पुरुषानं ते ऐकलं नाही, कारण त्यांना कधी कुणाला ‘ह्यांना’ म्हणावं लागलेलं नाही. त्यांनी फक्त ‘वळखत न्हाई’ एवढंच ऐकलं. मी ओरडले, “ऐकलं का? वळखत न्हाई म्हणतीय पोरगी!”

आणि मग काय सांगावं! पेपरवाल्यानं पेपर टाकला. उसाच्या रसाच्या दुकानातून दोघं पळत आले. कंडक्टर धावत आला. “काय रं, कुटला तू? पोरीला धरतोस?” आताच मधी न पडणारे सगळे त्याच्याभोवती गोळा झाले. तो ओरडत होता, “खरंच बायको हाय वो,” आणि मोबाईलमध्ये लग्नाचे फोटो शोधत होता. तोवर सांगलीची गाडी लागली. मी मुलीला पुढं घालून आत चढवलं. कंडक्टरनं मागोमाग येऊन डबल बेल दिली.

मला बरं वाटायला हवं होतं. पण माझं डोकं अजून तापलेलं होतं. कोपर तेच, बोटं तीच, दुखणं तेच. नवरा होता तोवर रसवाल्याच्या हातातला ग्लाससुद्धा खाली ठेवला गेला नाही. परका ठरल्याबरोबर सगळे मर्द झाले. खरं बोलून जी सुटली नसती, तिला खोटं बोलून सुटावं लागलं.

मुलगी आष्ट्याला निघाली होती, आईकडं. कोपर चोळत म्हणाली, “ताई, खोटं बोलले मी. नवराच हाय.”

“म्हाईत हाय मला.”

“कसं?”

“तू ‘ह्यांना’ म्हणालीस.”

तिनं जीभ चावली. जरा हसली आणि हसता हसता रडायला लागली. मी रडू दिलं. शांत झाल्यावर तिनं विचारलं, “मग काय म्हनायला पायजे हुतं?”

“ह्याला. मी ह्याला वळखत न्हाई.”

तिनं ओठ हलवले. ‘ह्या’ म्हटलं आणि पुढचं आलं नाही. पुन्हा ‘ह्या’. पुन्हा तिथंच अडकली. ‘ला’ हे काय अवघड अक्षर आहे? पण ते तिच्या घशात कसं बसलं होतं ते माझ्याइतकं त्या गाडीत कुणाला कळत नव्हतं. पेठ नाक्याला गाडी थांबली, माणसं उतरली, चढली. तिनं तोंड खिडकीकडं वळवलं आणि अगदी हळू, काचेला सांगावं तसं म्हणाली, “ह्याला.”

मी म्हटलं, “मोठ्यानं.”