पाचव्या दिवशी ब्रेक लागला नाही

हिंमतनानांनी माझ्या टेबलावर रुमालाची गाठ सोडली. आत दोन ब्रेक पॅड होते. शेजारी त्यांनी पॅडचं रिकामं पॅकेट ठेवलं, त्यावर बिल ठेवलं आणि बिलावर बोट ठेवलं.

"तुम्हना माल खोटा शे. मन्ही बाईना हात मोडना."

मी धुळ्यातल्या एका मोटरसायकल शोरूमच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस अॅडव्हायझर आहे. मालक गाडीबद्दल जे सांगतो ते मी जॉब कार्डवर लिहितो, मेकॅनिक जे सांगतो ते मालकाला समजेल असं सांगतो. दोघांच्या शिव्या आधी मला मिळतात.

नाना सोनगीरच्या पुढे, महामार्ग सोडून आत असलेल्या गावचे शेतकरी. त्यांचं म्हणणं असं होतं. पुढच्या ब्रेकचे पॅड झिजले होते. दुकानात बदलायला त्यांनी नकार दिला, कारण पूर्वी एका मेकॅनिकने त्यांना दुसऱ्याच गाडीचे झिजलेले पॅड 'हे तुमचे' म्हणून दाखवले होते. म्हणून आमच्या पार्ट काउंटरवरून त्यांनी सीलबंद पॅकेट घेतलं आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून पॅड अंगणात स्वतः बसवले. चार दिवस ब्रेक चांगला लागला. दसऱ्याला नवरा-बायको सोनं द्यायला नातेवाइकांकडे निघाले. सर्व्हिस रोडच्या वळणावर समोर ट्रॅक्टर आला. पुढचा ब्रेक दाबला, गाडी थांबली नाही. मागच्या ब्रेकने जेवढी थांबली तेवढी थांबली आणि दोघं खाली पडले. नानांच्या बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, मनगटाला प्लास्टर होतं.

"तुम्ही लिहून द्या की माल नकली होता," नाना म्हणाले. "नाहीतर मी ग्राहक मंचात जातो. पॅकेट, बिल, सगळं ठेवेल शे."

पॅकेट त्यांनी खरंच नीट ठेवलं होतं. कपाशीचं बी उगवलं नाही तर तक्रार करताना पिशवी आणि बिल लागतं, म्हणून आमच्याकडचा शेतकरी दोन्ही टाकत नाही. नानांनी ब्रेक पॅडलाही तोच नियम लावला होता.

ही गोष्ट वर्क्स मॅनेजर साहेबांच्या कानावर घालणं भाग होतं. साहेबांनी पॅकेट उजेडात धरलं, सील बघितलं.

"काउंटरवर दिलीप होता?"

"हो सर."

"किती वर्षं आहे तो काउंटरवर?"

"पंधरा."

"मग त्याला सगळे रस्ते माहीत असणार. पॅकेट आपलं, आतला माल बाहेरचा, असं होऊ शकतं. तू बघ. त्याला कळू देऊ नकोस. शनिवारपर्यंत मला कागद दे. माल खोटा निघाला तर सोमवारी तो काउंटरवर नसेल."

इथे दिलीपभाऊ कोण ते सांगितलं पाहिजे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी.एस्सी. होऊन मी सहा महिने घरी बसलो होतो. दिलीपभाऊ आमच्या गल्लीतले. त्यांनी मला या वर्कशॉपमध्ये आणलं. मुलाखतीला घालायला त्यांनी स्वतःचा इस्त्रीचा शर्ट दिला, आणि पहिल्या महिन्यात मला एकेक पार्ट हातात देऊन त्याचं नाव शिकवलं. अशा माणसावर मला आता नजर ठेवायची होती.

मी ठेवली, हे आज कबूल करतो. गुरुवारी ते जेवायला गेले तेव्हा मी रॅकवरची त्याच पॅडची सगळी पॅकेटं मोजली. दोन फोडून बघितली. पॅडच्या मागच्या लोखंडी पट्टीवर कंपनीचा नंबर कोरलेला असतो. तो नंबर, अक्षरांची खोली, मसाल्याचा रंग, सगळं नानांच्या पॅडशी ताडून पाहिलं. मसाला म्हणजे पॅडवरचा तो काळपट थर. तोच चाकाच्या चकतीला घासतो आणि गाडी थांबते.

सगळं जुळलं. माल खरा होता.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण संशयाला एकदा जागा दिली की तो उठत नाही, नुसती खुर्ची बदलतो. आता मला नानांचा संशय येऊ लागला. यांनीच चुकीचं बसवलं असणार.

शुक्रवारी नानांनी टेम्पोत घालून गाडी आणली. मी रॅम्पवर घेतली. कॅलिपर, म्हणजे पॅडला दोन्हीकडून चकतीवर दाबणारा चिमटा, उघडून पाहिला. नानांनी पडल्यावर घरी जुनेच पॅड परत घातले होते, तेही सरळ बसले होते. पिन जागेवर होत्या, बोल्ट घट्ट होते. आतली धूळ दात घासायच्या ब्रशने काढलेली होती. आमच्या वर्कशॉपमध्ये गर्दीच्या दिवशी एवढी सफाई होत नाही, हेही कबूल करतो. ब्रेक ऑइल भरलेलं होतं. लिव्हर कडक होता.

"नाना, नवे पॅड आवाज करत होते का? करकर?"

"थोडे."

"मग आवाज बंद व्हावा म्हणून ऑइल सोडलं असेल."

नाना माझ्याकडे वळले. "मी काय येडा शे का? व्हिडिओवाला दहादा सांगस, ऑइल लावू नका."

"साखळीला मारताना उडालं असेल."

"साखळी मागं, ब्रेक पुढं. तुम्ही कॉलेज शिकेल ना?"

शेजारचा मेकॅनिक हसला. मी रुमालातला पॅड हातात घेतला. नवाच होता, झीज काहीच नव्हती. पण मसाला चकचकीत दिसत होता, आणि बोट फिरवलं तर घसरत होतं. मी तो नाकाशी धरला.

माझे वडील अमळनेरला तेलगिरणीत हमाल होते. ते घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला जो वास असायचा, तोच पॅडच्या कडेला होता. इंजिन ऑइल नाही, ग्रीस नाही. शेंगदाण्याचं तेल.

"नाना, मला तुमचं घर बघायचंय."

"का बरं? झडती घ्यायची?"

"हो असंच समजा."

शनिवारी सकाळी नवे पॅड पिशवीत टाकून मी गेलो. गोठ्याच्या भिंतीला सगळी अवजारं ओळीने लावली होती. विळे, कुदळ, फावडं, कोळप्याची पास. सगळी तेलाने चमकत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातलं लोखंड धुऊन त्याला तेल लावतात आणि हळद-कुंकू वाहतात. मी लहानपणापासून बघत आलोय.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. मी विचारलं, "अक्का, खंडेनवमीला गाडीही धुतली का?"

"मंग? गाडीनी पूजा नही का करो?" एका हाताने त्यांनी पदर सारखा केला. "धुई काढी ते चाकनी चकती लाल व्हयेल व्हती. मन्हं मन म्हने गंज चढना. बठ्ठा लोखंडले तेल लावं, तिलेबी हात फिरावा."

म्हणजे अवजारांना लावलेल्या तेलाचा हात अक्कांनी चकतीवरही फिरवला होता. चकती धुतली की तिच्यावर तांबूस झाक येते. दोनदा ब्रेक मारला की निघून जाते. पण तेल लागलं तर मसाला ते पिऊन टाकतो आणि मग पॅड कितीही नवा असो, चकतीला धरत नाही.

मी हे सांगितलं. अक्कांना समजायला फार वेळ लागला नाही. त्यांनी आपल्या प्लास्टरकडे पाहिलं, मग नानांकडे. नाना आत गेले आणि पाण्याचा तांब्या घेऊन आले. आधी अक्कांना दिला, मग मला.

"सायेब, कागदवर काय लिखशात?" अक्कांनी विचारलं.

"पॅड खरे होते. पॅडवर तेल सापडलं. एवढंच."

"कोणी लावं ते?"

"तो रकाना नाही अक्का फॉर्ममध्ये."

नवे पॅड नानांनीच बसवले. मी फक्त चकती साबणाने आणि ब्रेक क्लीनरने धुऊन दिली आणि बाजूला उभा राहिलो. खोटं कशाला सांगू, तेव्हाही मी ते कुठे चुकतात हेच बघत होतो. पॅड बदलल्यावर गाडी हलवायच्या आधी लिव्हर पंधरा-वीस वेळा दाबावा लागतो, नाहीतर पहिला ब्रेक पोकळ जातो. घरी करणारे हमखास हे विसरतात. नानांनी वीस वेळा दाबला, मोजून.

"दुकानात केलं असतं तर वेगळं काय झालं असतं?" त्यांनी विचारलं.

मी विचार करून सांगितलं, "काही नाही. चकतीला तेल लावू नका, हे आम्हीही कधी कोणाला सांगितलं नाही."

दुपारी साहेबांना कागद दिला. त्यांनी वाचला, सही केली. "दिलीप वाचला म्हणायचा," एवढंच म्हणाले.

मला यातून एक गोष्ट शिकायला मिळाली, ती लिहून ठेवतो. पहिल्या दिवशीच नानांनी सांगितलं होतं की पॅड बसवल्यावर चार दिवस ब्रेक चांगला लागत होता. नकली माल पहिल्या दिवशी नकली असतो आणि चुकीचं बसवलेलं पहिल्या दिवशी चुकीचं असतं. पाचव्या दिवशी काय झालं एवढं विचारलं असतं तर पंधरा मिनिटांचं काम होतं. पण मी आधी माणसं तपासत बसलो.

दिलीपभाऊ काउंटरवरच आहेत. रॅकवरची दोन फोडलेली पॅकेटं त्यांना त्याच गुरुवारी दिसली होती, हे नंतर कळलं. त्यांनी मला काही विचारलं नाही. आता मी पार्ट मागायला गेलो की ते पॅकेट माझ्यासमोर फोडतात आणि पॅड उलटसुलट करून दाखवतात. "बघून घ्या साहेब," म्हणतात. पूर्वी मला ते 'ए पोरा' म्हणायचे.