गाडीवरचा गुलाल

आमच्या घरात कुणी हळू बोललं की त्याला ताप आलाय का बघायची पद्धत होती. आबा, म्हणजे माझे वडील, स्वयंपाकघरातल्या आईकडं मीठ मागायचे तेही अशा आवाजात की समोरच्या घरातली बाई मिठाचा डबा घेऊन दारात यावी. शिवाजी पेठेतल्या आमच्या बोळात सगळेच थोडेफार असे, पण आबांची सर कुणाला नव्हती. लग्न होऊन मी गडमुडशिंगीला गेले, तेव्हा सासरच्यांना पहिले काही दिवस वाटत होतं, सून सारखी रागावलेली असते. मी फक्त चहा घेणार का विचारत होते.

गेल्या पावसाळ्यात आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा बोलणं शाबूत होतं, पाय ओढत का होईना चालत होते, पण उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता. याच हातानं त्यांनी उद्यमनगरात उभा जन्म लेथ चालवला होता. फुटबॉलच्या मैदानात पंचाला अक्कल शिकवायलाही हाच हात वर व्हायचा. आता तो मांडीवर ठेवायचा असला तरी डाव्या हातानं उचलून ठेवावा लागे. आणि बघता बघता सगळं घर हळू बोलायला लागलं. आई कुजबुजायची, शेजारीपाजारी कुजबुजायचे, मीही तशीच बोलायला लागले. सगळ्यात वाईट म्हणजे आबाही.

त्यांनी माणसांत जेवणं सोडलं. डाव्या हातानं घास घेणं त्यांना पटेना, चमचा धरायला तयार होईनात. शेवटी आई ताट घेऊन आतल्या खोलीत जायची, दार लोटून घ्यायची आणि लहान पोराला भरवावं तसं भरवायची. कुणी आलं की आबांचं ठरलेलं उत्तर, "आत्ताच जेवलोय की." तालमीची पोरं प्रसादाच्या जेवणाला बोलवायला आली, त्यांनाही तेच सांगितलं. माझा नवरा घरी आला तर जेवणाच्या वेळेला झोपेचं सोंग घ्यायचे. जावयासमोर बायकोच्या हातनं घास घेणार कसे? रविवारचं मटण बंद झालं, कारण ते सगळ्यांनी एकत्र बसून खायचं आणि भाकरी एका हातानं मोडत नाही. आणि ते खात नाहीत म्हणून आईही शिजवेना.

मला त्यांचा उजवा हात परत हवा होता. हात आला की घास आला, घास आला की आवाज आला, असं माझं सरळ गणित होतं.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. तिनं दाबायला मऊ पिवळा चेंडू दिला. आबांनी तो एकदाच दाबला आणि खिडकीतून बोळात टाकून दिला. "मी काय तान्हं पोर हाय व्हय?" म्हणाले. पण तेही पुटपुटल्यासारखं.

अशात बंगळूरला असलेल्या माझ्या भावानं एक खोकं पाठवलं. आत साबणाच्या वडीएवढी राखाडी माती, फवाऱ्याची बाटली, मेणाची डबी आणि मऊ फडकी. आबांची जुनी पांढरी गाडी विकायची असं त्याच्या मनात होतं. "विकायच्या आधी तेवढी चमकव," असं त्यानं फोनवर सांगितलं. मी म्हटलं, चमकवते, विकायचं मग बघू. माझा बेत वेगळाच होता. गाडी चकाचक झाली की आबांना स्टिअरिंगवर बसावंसं वाटेल आणि एकदा वाटलं की हात हलेल. डॉक्टरांना सांगायचं धाडस मला झालं नाही.

गाडी पांढरी होती ती कागदावर. प्रत्यक्षात तिला एक मळकट गुलाबी झाक आली होती आणि त्याला कारण आबाच होते. तालमीची फुटबॉलची टीम जिंकली की मिरवणुकीत आबांची गाडी पुढं. पोरं टपावर चढायची, पोत्यानं गुलाल उधळायची. आबा काच खाली करून, कोपर बाहेर काढून, एका हातानं हॉर्न वाजवत असे काही चालवायचे की गोल जणू त्यांनीच मारलाय. वर ज्योतिबाचे रविवारचे खेटे चुकत नसत, तिथला गुलाल वेगळा. दुसऱ्या दिवशी आई बादलीभर पाणी ओतून गाडी धुवायची आणि बडबडायची. पण गुलाल रंगात रुतून बसला तो बसलाच.

थंडीतल्या एका सकाळी मी कामाला लागले. काम तसं साधं. गाडी शाम्पूच्या पाण्यानं धुवायची. मग मातीचा तुकडा मळून, चपटा करून, फवारा मारत पत्र्यावरून हलक्या हातानं फिरवायचा. धुऊन जे निघत नाही ते माती उचलून घेते. ती काळी झाली की घडी घालून पुन्हा मळायची, स्वच्छ बाजू वर काढायची आणि पुढं सरकायचं. सगळ्यात शेवटी मेण. हे मी मोबाइलवर बघून शिकले. त्यातला माणूस झकपक गॅरेजात एकटाच होता. मला दर दोन मिनिटांनी अंग चोरून एखाद्या स्कूटरला वाट द्यावी लागत होती आणि स्कूटरवाला जाता जाता विचारून जात होता, "काय अक्का, लगीन ठरलं काय गाडीचं?"

आबा बाहेरच्या कट्ट्यावर शाल पांघरून बसले होते. बघत होते की नव्हते, कळत नव्हतं. थंडीनं माती अशी कडक झाली होती की माझ्या बोटांना दाद देईना. मी तो तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

"एवढं जरा मळून द्या, मला जमंना."

चेंडू फेकून देणाऱ्या माणसानं माती फेकली नाही. माझ्या मते कारण एवढंच होतं की चेंडू दाबणं हा व्यायाम होता आणि हे काम होतं. त्यांनी तुकडा गुडघ्यावर ठेवला, डाव्या तळव्यानं दाबला. मग उजवा हात उचलून त्यावर ठेवला, वरून डाव्यानं दाब दिला. मी पाठ फिरवून बॉनेट पुसत राहिले. बघितलं असतं तर त्यांनी थांबवलं असतं.

पुढं रोजचंच झालं. सकाळी घरातलं आवरून मी मुडशिंगीहून यायची, आबा माती मळून तयार ठेवायचे. बोळात ऊन उतरेपर्यंतच काम, कारण तापलेल्या पत्र्यावर हे करता येत नाही. बॉनेटवर साखर कारखान्यांची काजळी होती. गळीत हंगाम सुरू झाला की ती आमच्याकडं वाळत घातलेल्या कपड्यांवरही पडते. माती फिरवली की आधी खरखर आवाज यायचा, मग हळूहळू हात सुळकन जायला लागायचा. दारांच्या खालच्या अंगाला डांबराचे बारीक ठिपके होते. ते चंदगडच्या, आईच्या माहेरच्या वाटेवरचे. दर मे महिन्यात आम्ही जायचो. येताना आईच्या मांडीवर काजूची पिशवी, पायाशी फणस, मागं आम्ही दोघं भावंडं आणि अख्ख्या गाडीत फणसाचा वास. वळणावर समोरून एसटी आली की आबा काच खाली करून ड्रायव्हरला त्याच्या सात पिढ्यांची आठवण करून द्यायचे. आई म्हणायची, "ऐकू जातंय व्हय त्याला?" आबा म्हणायचे, "मला बरं वाटतंय की!" ते दिवस आठवले आणि माझा हात ठिपक्यांवरच रेंगाळला. खरं तर ते काढायचं जिवावर आलं होतं.

टपावरून फिरवलेली माती गुलाबी झाली. मी ती आबांना दाखवली. त्यांनी ती हातात घेतली, उजेडाला धरली, वास घेतला.

"ह्यो टायब्रेकरचा," म्हणाले.

"कशावरनं?"

"टायब्रेकरला जिकलेलो तवा लई उधळलेला. तुझी आई दोन दिवस बोलत न्हवती." आणि हसले. वारं गेल्यापासून ते हसल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्या हसण्यानं मला चेव आला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज बॉनेटचा राहिलेला भाग तुम्हीच करा, उजव्या हातानं. त्यांना गाडीला टेकवून उभं केलं. उजव्या तळव्याखाली माती ठेवली, मी फवारा मारला. त्यांनी खांद्यातून जोर लावला आणि हात सरकला. वीतभर असेल, पण सरकला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तेवढ्यात माती तळव्याखालून निसटून खाली बोळातल्या धुळीत पडली.

खाली पडलेली माती पुन्हा वापरायची नसते. तिला चिकटलेले खडे रंगावर चरे ओढतात. मोबाइलवर हे इतक्यांदा बजावून सांगितलं होतं की माझ्या डोक्यात तेवढंच होतं. समोर आजारी माणूस आहे हे मी विसरले आणि पोटातून ओरडले.

"आबा! पडलेली माती चालत न्हाय म्हणून किती येळा सांगितलं! धरायला येत न्हाय तर उजव्यात कशाला घेतलीसा?"

उजव्यात घ्यायला मीच लावलं होतं, पण ते मला नंतर सुचलं. समोरच्या बाईनं झाडता झाडता हात थांबवला. आई पिठाच्या हातांनी दारात आली. इतक्या महिन्यांत आबांशी असं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं, संपलं, आता हे आत जाऊन दार लावून घेणार.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मान ताठ झाली.

"वरडतीस काय माझ्यावर?" असा आवाज आला की वरच्या तारेवरची कबुतरं उडाली. "पडली तर पडली! दुसरी दे की!"

मी दुसरा तुकडा दिला. तो त्यांनी डाव्या हातात घेतला. उजवा हात बॉनेटवर आधाराला टेकवला आणि डाव्यानं माती फिरवायला लागले. वाकडीतिकडी, पण जोरात. मला म्हणाले, "पाणी मार, पाणी! बघत काय उभारलीयास?" आई दारातच पदरानं डोळे पुसत होती. डोळ्याला पीठ लागलं म्हणून मग तीही ओरडली, "काय सकाळ सकाळ लावलंय दोघांनी!" आमचं घर परत आल्यासारखं वाटलं मला.

त्यानंतर काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. पत्रा गुळगुळीत झाला का बघायची एक युक्ती आहे, प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून वरून बोटं फिरवायची. राहिलेला बारीक कणही लागतो. आबा डाव्या हाताला पिशवी घालून मी केलेल्या भागाची तपासणी करायचे आणि मला नापास करायचे. "हितं राहिलंय. हितं बी. डोळं कुठं ठेवतीस?" मेण मात्र मी लावलं. अगदी पातळ लावायचं, जरा सुकू द्यायचं आणि फडक्यानं पुसायचं. फडकं फिरलं तसा खालून पांढरा रंग वर आला. त्यात समोरच्या घराची खिडकी दिसायला लागली, आबांचा चेहरा दिसायला लागला. ते बराच वेळ त्यात बघत उभे होते.

"रविवारी मटान आण," ते आईला म्हणाले. "पावण्यास्नी बी बोलीव."

रविवारी माझा नवरा आला. आईनं सवयीनं आबांचं ताट वेगळं केलं आणि आतल्या खोलीकडं निघाली.

"ते हितं ठेव," आबा म्हणाले.

ते जावयाशेजारी येऊन बसले. डावा हात धुतला. उजवा हात उचलून भाकरीच्या कडेवर ठेवला, वजन ठेवावं तसा, आणि डाव्यानं भाकरी मोडली. पहिला तुकडा रश्श्यात बुडवून तोंडाकडं नेताना निम्मा सदऱ्यावर सांडला. आम्ही सगळे आपापल्या ताटात बघत होतो. नवरा बिचारा हळूच म्हणाला, "मामा, रस्सा वाढू का?"

"इचारताय काय पावणं? वाढा की!"

मला आनंद आवरेना. मी म्हटलं, "आता असाच रोज माती मळायचा व्यायाम करा आबा. हात आणखी सुधारला की तुम्हीच गाडी काढा. ज्योतिबाला जाऊ."

आबांनी घास चावून गिळला.

"हात न्हाय सुधारायचा आता," म्हणाले. कुजबुजले नाहीत, नेहमीच्या आवाजात म्हणाले, समोरच्या घरात ऐकू जाईल असं. "गाडी तू घेऊन जा. तुझ्यासाठनंच घासली मी."

मी म्हटलं, "मला गाडी चालवायला येत न्हाय आबा."

"मला तरी कुठं येतीया आता?"

इतके महिने हे वाक्य आम्हा प्रत्येकाच्या तोंडापर्यंत येऊन परत गेलं होतं आणि शेवटी बोलायचं धाडस केलं ते त्यांनीच. मी त्यांना परत स्टिअरिंगवर बसवायला गाडी घासत होते आणि ते शेजारीच उभे राहून ती मला द्यायला घासत होते. मी सगळ्यांसमोर रडले. आबांनी आपल्या ताटातला मटणाचा मोठा तुकडा डाव्या हातानं उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. डाव्या हातानं कुणाला वाढायचं नसतं, हे लहानपणी मला त्यांनीच शिकवलं होतं, एकदा तर पाठीत धपाटा घालून.

"खा," म्हणाले. "उद्यापास्नं क्लच शिकायचा हाय."

मी तो तुकडा खाल्ला.