मिडलबर्ग: सईने मला एकट्याला पाठवलं ती सहल

मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी मी सईला विचारलं, "उद्या कुठे जाऊया?" नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. जेवणाच्या ताटावरून मान वर न करता ती म्हणाली, "मिडलबर्गला जा. तिथलं गुलामगिरीचं स्मारक बघ. मी येणार नाही."

बारा वर्षांची मुलगी. तिची आई मेधा नाशिकला, आजारी वडिलांपाशी गेलेली आणि कोरोनामुळे विमानं बंद झाल्याने तिथेच अडकलेली. इकडे नेदरलँड्समध्ये, फेल्डहोवनच्या घरात आम्ही दोघंच, आणि त्यातलं एक गप्प.

कारण लपवत नाही. इथे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे आठव्या गटात, शिक्षक सल्ला देतात: मूल पुढे कोणत्या शाखेत जाईल. सईला आणि तिच्या मैत्रिणीला, जोआनाला, एकच सल्ला मिळाला, विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाखेच्या एक पायरी खालचा. कारणही एकच: घरून आधार कमी पडेल. जोआनाचं कुटुंब सुरिनामहून, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीतून आलेलं, कृष्णवर्णीय. आई वृद्धाश्रमात काम करते, घरात त्या दोघीच. मी शाळेला पत्र लिहिलं. एकही चूक नसलेलं डच पत्र, एकाही क्लासला न जाता शिकलेल्या डचमध्ये! त्यात लिहिलं की आम्ही उच्चशिक्षित, कंपनीने बोलावून आणलेलं कुटुंब आहोत, आम्हाला जोआनासारख्या घरांच्या रांगेत बसवू नये.

सईचा सल्ला वर गेला. जोआनाचा नाही. चाचणीत जोआनाला सईपेक्षा जास्त गुण होते. पत्राची प्रत सईला प्रिंटरवर सापडली.

असो. कुणाला जायचं असेल तर तपशील देतो. सायकल आइंडहोवन स्टेशनच्या तळघरातल्या तळावर ठेवा, पहिला दिवस फुकट असतो. सवलतीचं कार्ड असेल तर शनिवारी दिवसभर चालतं. मला दोनदा गाडी बदलावी लागली, शेवटची रोझेन्डालला. तिथे घाई करू नका, पण शौचालय तिथेच उरका. सव्वादोन तास धरून चला. पूर्ण प्रवास मास्क लावून. डब्यात मी धरून चौघं होतो आणि प्रत्येकाने दुसऱ्यापासून जास्तीत जास्त लांबची जागा निवडली होती. रोझेन्डालनंतर जमीन इतकी सपाट होते की कुठे थांबायचं ते नजरेला कळत नाही. समोरच्या रिकाम्या सीटवर मी डबा ठेवला. दोन पोळ्या जास्त झाल्या होत्या. सवयीने दोघांच्या केल्या होत्या.

मिडलबर्गला स्टेशनसमोरचा कालवा ओलांडला की गाव सुरू. पायी बारा मिनिटं. संग्रहालयं बंद होती, कॅफेंच्या बाहेरच्या खुर्च्या तेवढ्या उघडलेल्या. बेकरीतून इथला खास बोलुस घेतला: चकलीसारखा गुंडाळलेला, दालचिनीचा, बोटांना चिकटणारा. हात धुवायची सोय नाही, रुमाल ओला करून न्या.

स्मारक छोटं आहे. काळ्या आणि पांढऱ्या दगडाचे उभे ठोकळे, मधून लाल पट्टी. मी दगडांचे सांधे तपासत होतो (धंदाच तो, यंत्रं जुळवायचा) तेव्हा बाकावरच्या बाईंनी विचारलं, "गळतंय का कुठे?"

सत्तरीच्या होत्या, कृष्णवर्णीय, गुडघ्यावर थर्मास. निवृत्त शिक्षिका, सुरिनामच्या राजधानीत, पारामारिबोला जन्मलेल्या. मी दीड मीटर अंतर राखून उभा राहिलो.

"मुलीचा शाळेत प्रकल्प होता यावर," मी म्हणालो.

"पुस्तकात किती पानं आहेत आता?"

"अर्धं."

"अरे वा! माझ्या वेळी एक ओळ होती. जहाजं निघाली, साखर आली. मध्ये माणसं कुठे गेली ते मी वर्गात विचारलं, तर मला कोपऱ्यात उभं केलं." त्या हसल्या. "डच छान आहे तुमचं. कुठे शिकलात?"

"माझं मीच."

"मग मुलगी का नाही आली?"

अनोळखी माणसाला सांगणं सोपं असतं. पत्राचं सगळं सांगितलं. त्यांनी थर्मासचं झाकण शांतपणे लावलं.

"म्हणजे शाळेतल्या बाईंची पद्धत चुकीची आहे असं तुम्ही म्हणालाच नाहीत. पद्धत बरोबर आहे, फक्त घर चुकलं, असं म्हणालात."

 माझ्या आठवीतल्या गुरुजींनी मागच्या बाकांकडे हात करून "ही आयटीआयची पोरं" म्हटलं होतं. त्या बाकावर मी होतो. आयटीआयचा फिटर मी, उच्चशिक्षित आहे ती मेधा. आणि त्याच मागच्या बाकावर मी जोआनाला बसवून आलो होतो, शुद्ध भाषेत.

परतीच्या गाडीत शाळेला नवीन पत्र लिहिलं, पहिलं मागे घेणारं. तीनच वाक्यं झाली.

संध्याकाळी सईला आणायला जोआनाच्या दारात गेलो. तिच्या आईने दार उघडलं, कामाच्या गणवेशातच.

"मी शाळेला काय लिहिलं होतं, ते सांगायला आलोय."

"सईने सांगितलंय."

"सोमवारी मी तुमच्याबरोबर शाळेत येतो."

"माझ्याबरोबर नको, साहेब. तुम्ही नऊला जा, एकटे. तुमचं आटपा. मी साडेनऊला येते, माझ्या मुलीचे गुण घेऊन."

तसंच केलं. शाळेतल्या बाईंनी माझं पत्र वाचलं आणि फाइलमध्ये लावलं, पहिल्या पत्राच्या वर. पहिलं काढून द्या म्हटलं तर म्हणाल्या, ते काढता येत नाही. आठवड्याने जोआनाचा सल्ला बदलला. माझ्यामुळे नाही. तिची आई अर्धा तास खुर्चीवरून उठलीच नव्हती.

मिडलबर्गला जा, नक्की जा. स्मारक बघायला पाच मिनिटं लागतात, पण परतीची गाडी दोन तासांनंतरचीच ठरवा.

आता दोघींची नवी शाळा एकच. सुट्टी संपायच्या आत सायकलचा रस्ता पाठ करायची इथे पद्धत आहे. मी नकाशा काढला, अवघड चौक लाल पेन्सिलने दाखवले आणि सोबत येतो म्हणालो.

"नको बाबा," सई बूट घालत म्हणाली, "आम्ही दोघी जातो." नकाशा मात्र तिने घडी करून खिशात टाकला. दार लागल्यावर मी अजून नाशिकलाच असलेल्या मेधाला फोन लावला. तिकडे कोणी उचलला नाही.