तीन बोटांचं तोंड

भंडारा जिल्ह्यात निम्मे पुरुष अर्धे शब्दभ्रमकार असतात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला खर्रा एकदा गालात गेला, की माणूस मान वर करून, ओठ मिटून, घशातून बोलू लागतो. धानाची चौकशी, सोयरिकीची बोलणी, ग्रामसभेतले ठराव, सगळं असंच होतं आणि कोणालाही त्यात कला दिसत नाही. कोंढ्याच्या जागेश्वर सेलोकरला ती दिसली. त्याच्यात आणि इतरांत फरक तेवढाच. खर्रा सगळ्यांचा सारखाच.

विशीत असताना त्याने गावच्या सुताराकडून सावरीच्या हलक्या लाकडाचा बाहुला करून घेतला. जबडा हलवायला सायकलच्या ब्रेकची तार. नाव फत्तू. घरी दोन एकर धान होतं, ते बायको रुखमिणी सांभाळायची. जागेश्वर मंडया सांभाळायचा. दिवाळी सरली की या भागात गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, भर उन्हात तमाशे-दंडारी चालतात. त्या गर्दीत फत्तूला एक सवलत होती. जे जागेश्वर बोलला असता तर मार खाऊन घरी आला असता, ते फत्तू बोलायचा आणि टाळ्या घ्यायचा.

एकदा समोरच्या खुर्चीत धनीराम पाटील बसले होते. त्यांनी शाळेला पंखा दान दिला होता, पात्यांवर स्वतःचं नाव रंगवून.

"पाटील, शाळेतला पंखा बंद काहून ठेवाले लावता जी?" फत्तूने विचारलं.

"मी कायले लावू?"

"फिरला का नाव दिसत नाही ना, बाप्पा!"

मंडप हसला. पाटीलही हसले आणि त्यांनी फत्तूच्या कोटाला शंभराची नोट टाचली. जागेश्वरशी मात्र ते पुढची दोन वर्षं बोलले नाहीत.

अशी वीसेक वर्षं गेली. मग मोबाइल आले, मंडईतले लोक मान खाली घालून हसू लागले आणि फत्तूचा भाव उतरला. नेमक्या त्या वेळी सरकारी मोहिमेतलं काम मिळालं. शाळाशाळांतून तंबाखूविरोधी कार्यक्रम करायचा. जागेश्वरने नाही म्हणण्याचं कारण नव्हतं. विषयाचा त्याचा अभ्यास दांडगा होता.

कार्यक्रमाचा गाभा होता तीन बोटांची परीक्षा. आपलीच तीन बोटं एकावर एक अशी उभी धरून तोंडात घालायची. गेली तर ठीक. खर्ऱ्याने गालाचं कातडं आखडत जातं, मग दोन जातात, मग एक. फत्तू ओरडायचा, "पोट्टेहो, आ करा!" आणि शंभर पोरं आ करायची. शेवटी फत्तू वळायचा. "काका, आता तुमी!" आणि आपली लाकडी बोटं जागेश्वरच्या तोंडात कोंबायचा. पोरं लोटपोट. कार्यक्रम संपला की जागेश्वर शाळेच्या मागे जाऊन पुढच्या शाळेसाठी खर्रा लावायचा. त्याशिवाय फत्तूचा आवाज सुटत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

पहिल्या वर्षी लाकडी बोटं तीन जात. दुसऱ्या वर्षी तिसरं अडकलं. फत्तू लगेच म्हणाला, "काकाचं तोंड लहान न् बाता मोठ्या!" हशा एवढा पिकला की हे वाक्य कार्यक्रमात कायमचं राहिलं.

घरी मात्र भांडण वेगळंच होतं.

"किती तिखट टाकतेस वं? तोंड भाजून राहिलं!"

"तिखट? अजी, मीठ टाकून नुसता भात देल्ला तुमाले," रुखमिणी म्हणाली. "आता का पाणीबी धुऊन देऊ?"

ती समजून चुकली होती. त्यालाही परीक्षा पाठ होती. पण ओठ जितके आखडत गेले, तितकी त्याची कला चढत गेली. लोक म्हणत, सेलोकरचे ओठ केसभर हलत नाहीत. अशी तारीफ त्याला मंडईच्या भरातल्या दिवसांतही मिळाली नव्हती. ती थांबवायला डॉक्टरकडे कोण जातो?

तिसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या ठिकाणी त्याचा सत्कार झाला. प्रमुख पाहुणे दातांचे डॉक्टर होते. सभागृहात बाकीचे सगळे कला पाहत होते, हा एक माणूस तोंड पाहत होता. शाल घालता घालता तो माइकवरच म्हणाला, "काका, जरा तोंड उघडून दाखवा बरं."

जागेश्वरला खरं बोलायची एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती. पण उत्तर फत्तूने दिलं.

"डॉक्टरसाहेब, त्याचं तोंड उघडलं त माहा धंदा बुडते!"

टाळ्या थांबेनात. डॉक्टरही हसला. जाताना त्याने चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, आणि ती चिठ्ठी शालीच्या घडीत वर्षभर नीट राहिली.

नागपूरला कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा जिभेचा बराच भाग आणि जबड्याचा एक तुकडा गेला. आदल्या दिवशी त्याने डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला होता, "माहं जाऊ द्या जी, फत्तूचा आवाज राहीन का?" डॉक्टरांना वाटलं, फत्तू त्याचा मुलगा. ते म्हणाले, "त्याला काही होणार नाही."

सहा महिन्यांनी मोहिमेतली समुपदेशक मेघा कोंढ्याला आली. कार्यक्रम पुन्हा करायचा होता. फत्तूला ती धरेल, बोलेलही तीच. काकांनी फक्त खुर्चीवर बसायचं.

"माणूस चालता-बोलता होता तवा नाचवला," रुखमिणी म्हणाली. "आता त्याचाच बाहुला करता का, बाई?"

जागेश्वरने मात्र उठून पेटीतून फत्तूचा कोट काढला आणि झटकला. मंच तो मंच.

पुढच्याच आठवड्यात एका शाळेत कार्यक्रम झाला. मेघाच्या मांडीवर बसून फत्तू म्हणाला, "मुलांनो, तंबाखू आरोग्यास हानिकारक आहे." जन्मात पहिल्यांदा तो शुद्ध बोलत होता. पोरं गप्प. मग तो खुर्चीकडे वळला. "काका, आता तुम्ही आ करा." जागेश्वरने केला. एक बोट जेमतेम जाईल एवढा. पुढच्या रांगेतल्या पोरांना वाटलं नक्कल आहे. ती हसली. मास्तरांनी डोळे वटारले तशी गप्प झाली.

"कसं झालं, काका?" मेघाने हळूच विचारलं.

त्याने फळ्याजवळचा खडू उचलला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं : होट हलून राहिले तुये.

मेघाने ओठांवर हात ठेवला.

मग मुख्याध्यापक आभार मानायला उभे राहिले. पाहुण्यांचे, मोहिमेचे आणि विशेष करून काकांच्या त्यागाचे. मान थोडी वर, गाल फुगलेला, आवाज घशातून. जागेश्वर खुर्चीत पुढे सरकून त्यांचे ओठ न्याहाळत राहिला. शेवटपर्यंत ते केसभरही हलले नाहीत. टाळ्या त्याने सर्वांत आधी वाजवल्या.